तुम्ही विचारलंत म्हणून: रात्रभर एकाच ताऱ्यावर काय?

‘एकच तारा, तोही ठिपकाच दिसणार. मग संध्याकाळपासून पहाटेपर्यंत करता काय?’ बेळगावच्या उद्यमबागेत माझ्याकडे जॉबवर्क घेऊन येणारे विचारतात, लग्नकार्यात पाहुणे विचारतात. रात्री थ्री फेज आली की उसाला पाणी पाजायला येणारे शेजारचे अण्णा तर बांधावरूनच ओरडतात, ‘काय बघालास की रे एवढं?’ खरं उत्तर ऐकून बहुतेकांचा विरस होतो. नोव्हा, म्हणजे अचानक भडकणारा तारा, फुटलेला असला तरी त्या रात्री माझी दुर्बीण नोव्हाकडे जेमतेम तासभर असते. बाकीचा वेळ भलत्याच गोष्टींना जातो, आणि त्यांची जुळणी दुपारी कागदावर झाली नसेल तर तो तासही फुकट.

नुसता फोटो काढला तर ठिपका किती तेजस्वी आहे एवढंच कळतं. नोव्हा हा जोडतारा असतो. त्यातला एक श्वेत बटू, म्हणजे संपलेल्या ताऱ्याचा पृथ्वीच्या आकाराचा घट्ट गाभा. जोडीदाराकडून ओढलेला हायड्रोजन त्याच्यावर साचत जातो, थराच्या तळाशी दाब आणि तापमान वाढतं, आणि एके दिवशी तिथला हायड्रोजन आवरता न येणाऱ्या वेगानं पेटतो. तारा मरत नाही. थर उडून जातो, बटू शिल्लक राहतो आणि पुन्हा साठवायला लागतो. उडालेला वायू कशाचा आहे आणि किती वेगानं येतोय, हे मात्र वर्णपटातच, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगारंगांत फाकवून काढलेल्या पट्टीतच दिसतं. हायड्रोजनची तांबडी रेषा, एच-अल्फा, ६५६३ अँगस्ट्रॉमवर असते (अँगस्ट्रॉम हे प्रकाशाची तरंगलांबी मोजायचं माप). तिच्या निळ्या बाजूला अनेकदा एक खड्डा पडलेला असतो, कारण आपल्या दिशेनं येणारा वायू तिथला प्रकाश खातो. खड्डा २२ अँगस्ट्रॉम सरकलेला असला की वेग सेकंदाला साधारण १००० किलोमीटर. पुढचं सगळं त्रैराशिक. माझ्या स्पेक्ट्रोस्कोपला, म्हणजे वर्णपट काढणाऱ्या उपकरणाला, ११ अँगस्ट्रॉमच्या आसपासचा फरक कळतो, म्हणजे नोव्हाला पुरेसा.

कागदावरची पहिली ओळ मात्र ताऱ्याची नसते, जागेची असते. भुजंगधारी तारकासमूहातला आर. एस. ऑफियुची हा पुन्हा पुन्हा फुटणारा नोव्हा. १९८५ साली तो फुटला तेव्हा तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेतून त्याचे वर्णपट घेतले होते, जी. सी. अनुपमा आणि टी. पी. प्रभू यांचा त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यानंतर तो फुटला २००६ मध्ये, आणि मग ८ ऑगस्ट २०२१ ला. ऑगस्ट! बेळगावच्या माणसाला यातली थट्टा वेगळी सांगायला नको. पश्चिमेच्या घाटातून, जांबोटी-कणकुंबीकडून ढगांची रांग सुरू असते आणि शहरात आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही. पण पूर्वेला सरकत गेलं की पाऊस झपाट्यानं कमी होतो. म्हणून उपग्रहाची चित्रं बघत बघत बैलहोंगलच्या पुढं एका ओळखीच्या शेतावर जायचं ठरलं. करोनाची रात्रीची संचारबंदी होती, तेव्हा दिवसाउजेडी सामान नेऊन मुक्कामच. तारा रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला ६७ अंशांवर, म्हणजे सगळ्यात वर यायचा. आठ ते अकराच्या मध्ये आभाळ जरा फाटलं तरी काम होणार होतं, आणि झालं. खड्डा सेकंदाला अडीच हजार किलोमीटरच्या वरचा वेग दाखवत होता.

उंचीचा मी एवढा घोळ का घालतो? तारा क्षितिजाजवळ असला की हवा त्याचा प्रकाश उभ्या रेषेत फाकवते. निळा वर, तांबडा खाली. माझ्या स्पेक्ट्रोस्कोपची, प्रकाश आत घेणारी फट २३ मायक्रॉनची. हजार मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीवर ती आकाशात साधारण पावणेपाच विकला रुंद पडते (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). तांबडा प्रकाश फटीत बसवला की निळा बाहेर सांडतो, आणि वर्णपट बघणाऱ्याला वाटतं ताराच तांबडा आहे. तीस अंशांच्या खाली मी हात लावत नाही. दिवाळीनंतर उसाचं पाचट पेटवायला लागले की ही मर्यादा आणखी वर जाते.

मग कॅमेऱ्याचं वेळापत्रक. नोव्हाची एच-अल्फा आजूबाजूच्या प्रकाशाच्या कितीतरी पट उंच चढते. लांब एक्स्पोजर दिलं तर तिचं टोक छाटलं जातं, आखूड दिलं तर लोखंडाच्या आणि इतर बारीक रेषा गोंधळात बुडतात. म्हणून दोन मालिका: एक काही सेकंदांची, एक काही मिनिटांची. कॅमेरा ६५,५३५ पर्यंत मोजतो. सगळ्यात उंच रेषा ४५,००० च्या आत राहिली पाहिजे. कालचे आकडे आज चालत नाहीत, कारण तारा मंदावत असतो आणि रेषा कधी उलट वाढत असतात. त्यामुळे पहिल्या दोन-तीन फ्रेम फक्त अंदाजाच्या.

आता ते भलतं काम. दुर्बीण पूर्वेकडून पश्चिमेकडे वळते तसा स्पेक्ट्रोस्कोप स्वतःच्या वजनानं किंचित लवतो. बॉडी मी माझ्याच मिलिंगवर काढलीय, भिंती जाड ठेवल्यात, तरीही लवतो. लेथवर बॅकलॅश, म्हणजे स्क्रूची ढिलाई, असते तसंच हे. नाही म्हणून चालत नाही, मोजावं लागतं. त्यासाठी प्रत्येक मालिकेच्या आधी आणि नंतर निऑन-आर्गॉनच्या दिव्याचा वर्णपट घ्यायचा. जगभरचे हौशी लोक यासाठी ट्यूबलाइटचा स्टार्टर वापरतात. त्यातला वायू पेटला की ठरलेल्या जागी रेषा देतो, आणि त्यावरून कुठला पिक्सेल म्हणजे किती अँगस्ट्रॉम ते ठरतं. दिव्याशिवायचा वर्णपट म्हणजे नुसती रंगीत पट्टी. ती मी कुणाला पाठवत नाही.

शिवाय नोव्हाएवढ्याच उंचीवरचा एक साधासुधा तारा हवा, शक्यतो ए वर्गाचा, म्हणजे पांढरा तापलेला. त्याचा खरा वर्णपट आधीच माहीत असतो. माझ्याकडे आलेला त्याच्याशी ताडला की हवा, आरसा आणि कॅमेरा यांनी मिळून किती निळा गिळला ते कळतं. याशिवाय कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष काढून टाकायला हॅलोजनच्या सपाट प्रकाशातल्या फ्रेम आणि झाकण लावून काढलेल्या काळ्या फ्रेम. चांदणं मात्र फारसं बिघडवत नाही. तेजस्वी ताऱ्याच्या वर्णपटाला पौर्णिमाही चालते, हे फोटोवाल्यांना सांगितलं की ते चिडतात.

लाईटचा भरवसा नाही, म्हणून सगळं बारा व्होल्टच्या बॅटरीवर. वेळ जागतिक लिहायची, आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागची. अण्णांना एकदा सांगून ठेवलंय की हातातली उजेडाची बॅटरी जमिनीकडे धरून या. ते आता माझ्यासमोर ती विझवूनच येतात आणि पाटात पाय घालतात.

ढग येणार असतील तर काय गाळायचं, हेही आधीच ठरलेलं हवं, कारण रात्री दोन वाजता डोकं चालत नाही. माझा क्रम असा: दिवा, आखूड मालिका, लांब मालिका, दिवा, मग शेजारचा तारा. काळ्या फ्रेम पहाटेही होतात. वेळच नसेल तर लांब मालिका जाते, दिवा कधीच नाही.

उत्तर मुकुट तारकासमूहातल्या टी कोरोना बोरेआलिस या नोव्हासाठी असा कागद तयारच आहे. १८६६ आणि १९४६ ला फुटलेला हा तारा एरवी दहाव्या प्रतीचा. फुटल्यावर दुसऱ्या प्रतीपर्यंत जातो (प्रत जेवढी लहान, तेवढा तारा तेजस्वी). म्हणजे त्याची अडचण उलटी, प्रकाश फार. त्याच्या पाच-सहा अंशांवरच अल्फेक्का हा तारा आहे, ए-शून्य वर्गाचा आणि जवळपास तेवढाच तेजस्वी. दोघांना एकच सेटिंग चालेल. बेळगावातून हा नोव्हा माथ्याजवळ, ८० अंशांपर्यंत चढतो. एप्रिल-मे महिन्यांत फुटला तर सोनं. जुलै असेल तर पुन्हा बैलहोंगलचा रस्ता. नोव्हेंबरअखेर मात्र इलाज नाही. तेव्हा तो इथं सूर्यामागोमाग जेमतेम तासाभरात मावळतो आणि पहाटे तेवढाच आधी उगवतो. युरोपात त्या दिवसांत तो अंधार पडल्यावरही बराच वेळ असतो, कारण तारा सूर्याच्या खूप उत्तरेला पडतो. तेव्हा त्यांचे वर्णपट घरी बसून वाचायचे.