वीस मुलांची खोली

रौप्यमहोत्सवाच्या या अंकात बहुतेक जण बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या वाड्याचा लाकडी जिना आठवतील, चौकातलं तुळशीवृंदावन आठवतील. मी त्या वाड्यातल्या खोल्यांच्या मापांबद्दल लिहितेय, कारण आपली शाळा टिकली ती या मापांमुळे.

शाळा काढली पालकांनी, काही मराठी घरांनी आणि काही गुजराती. या मातीत त्यासाठी आधार होता. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. 1920 मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांनी मॉन्टेसरी पद्धतीचं बालमंदिर काढलं, पुढे ताराबाई मोडकही तिथे कामाला गेल्या. त्यामुळे हात-बोटांनी शिकणं ही कल्पना आपल्या पालकांना परकी नव्हती.

बोट फिरवून वळण शिकायची खरखरीत अक्षरं पालकांनीच कापली. जाड दाण्याचा पॉलिश पेपर बोट खरवडतो आणि फार बारीक असला तर बोटाला वळण कळत नाही. 120 नंबर चालतो. दोन लिप्यांचा प्रश्न जास्त अवघड होता. गुजरातीला शिरोरेषा नाही, त्यामुळे घरी मराठी असणारी मुलं गुजराती अक्षरांवरही रेघ ओढत. दोन्ही संच एकाच रंगाच्या पाट्यांवर लावल्यामुळे हा घोळ वाढत होता. पाट्यांचे रंग वेगळे केले आणि दुसरी लिपी काही महिने उशिरा आणली, तेव्हा तो थांबला.

आता मापं. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला. पहिली ते पाचवीला 30 मुलांमागे एक शिक्षक, हे त्यात आलं. गुजरातच्या 2012 च्या नियमांत वर्गखोली 300 चौरस फुटांची धरली आहे. खोली त्याहून लहान असेल तर पाडून बांधायची सक्ती नाही, मुलंच कमी घ्यायची: क्षेत्रफळातून 60 वजा करायचे आणि उरतील त्यांना 8 ने भागायचं. वाड्याच्या भिंती दीड-दीड फुटाच्या. बाहेरून टेप लावला तर खोली 23 बाय 14, म्हणजे 322 चौरस फूट भरते आणि 30 मुलं बसतील असं वाटतं. आतून तीच 20 बाय 11, म्हणजे 220. त्यातून 60 गेले, 160 राहिले, भागिले 8: वीस. टेप नेहमी आतून लावायचा, तोही जमिनीलगत, कारण वाड्याच्या भिंती वर निमुळत्या होतात.

वीस मुलांत शिक्षकांचा पगार निघतो का, हा खरा पेच. पालक चालवतात त्या शाळांत फी आधी ठरते आणि शिक्षकांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. चांगल्या बाई तिसऱ्या वर्षी निघून जातात त्या यामुळेच. आपल्याकडे आधी बारा महिन्यांचे पगार लिहिले जात, सुटीतले दोन महिने धरून, मग भाडं, मग साहित्य. त्या बेरजेला शाळेतल्या सगळ्या मुलांच्या संख्येने, म्हणजे 60 ने न भागता 50 ने भागत, कारण वर्षात काही बदल्या होणारच आणि काही घरांची फी माफ करावी लागणारच. मुलं वाढली तेव्हा नवी खोली घेतली, जुन्या खोलीत एकविसावं मूल घेतलं नाही. त्या काळच्या पालकांचे आभार मानायचे तर सगळ्यात आधी या नकारासाठी मानायला हवेत.

आठवीनंतर बरेच जण राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावीला बसले: किमान पाच विषय, पाच वर्षांत नऊ संधी, माध्यम मराठी किंवा गुजराती.

कागदोपत्री पालकांच्या शाळेचा कच्चा दुवा एकच. संस्था नोंदवायला किमान सात जण लागतात, 1860 च्या कायद्याखाली, आणि इथे सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदणी लागते. सातही जण पालकच असले तर मुलं आठवी झाली की विश्वस्तही निघून जातात. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे फेरफार अहवाल द्यायचा असतो. तो राहिला की बँकेत सहीचा घोळ होतो आणि पगार अडकतात. म्हणून दरवर्षी एकदोघांनीच बदलायचं, सगळ्यांनी एकदम नाही, असा ठराव झाला.

यंदा रिकाम्या होणाऱ्या दोन जागांसाठी माजी विद्यार्थ्यांची नावं मागवली आहेत. अर्ज कार्यालयात मिळतो. सोबत ओळखपत्राची प्रत आणि संमतिपत्र लागेल.