रिमोटचे सेल उन्हात

परवा दुपारी टीव्हीचा रिमोट चालेना. मी त्याचे दोन बारके सेल काढले आणि ओसरीच्या पायरीवर, ऊन येतं तिथं मांडून आलो. लेकीने पाहिलं. "बाबा, वाळवण घातलं का?" म्हणाली. हसून हसून पुरेवाट.

हसू दे. आमच्या घरी मोठ्या बाबांचा रेडिओ होता, चामडी कव्हरातला. त्याला चार जाडे सेल लागत. मॅच असली की आदल्या दिवशी ते कवेलूंवर चढवायचे, हे काम माझं. दिवसभर तापले की दुसऱ्या दिवशी दोन-तीन तास तरी ओढायचे. मध्येच आवाज बसला की काढायचे, पँटला घासायचे, जागा बदलून पुन्हा घालायचे. चालायचे म्हणजे चालायचे.

31 ऑक्टोबर 1987. दिवाळी नुकतीच झाली होती, शाळेला सुटी, आणि वावरात कापसाची पहिली वेचणी. मॅच नागपूरला! आमच्यापासून नागपूर एसटीने चार तासांवर, पण आपल्या विदर्भात वर्ल्डकप म्हणजे जणू धुऱ्यापलीकडेच. समोर न्यूझीलंड. नुसतं जिंकून भागत नव्हतं: झपाट्याने जिंकलो तर सेमीफायनल मुंबईला, नाही तर लाहोरला. मोठे बाबा हा हिशेब सकाळपासून बैलांनाही सांगत होते.

रेडिओ बाभळीच्या फांदीला टांगलेला. खाली बाया ओटी बांधून पऱ्हाटीच्या तासात. कॉमेंट्री थोडा वेळ हिंदी, थोडा वेळ इंग्रजी. हिंदी आली की बायांचेही हात सावकाश चालायचे. इंग्रजी आली की सगळे माझ्याकडे पाहायचे, कारण मी सातवीत होतो आणि पाचवीपासून इंग्रजी शिकत होतो.

शिदोऱ्या सोडायची वेळ झाली आणि नेमकी इंग्रजी लागली. एकाएकी पब्लिक ओरडलं. मला एकच शब्द लागला, बोल्ड.

"काय म्हन्ते बे?"

"आउट झाला जी एक."

परत ओरडा. परत बोल्ड. जरा वेळाने परत तेच.

"आता काय म्हन्ते?"

"तेच जी. एकच आउट घडीघडी सांगून राह्यला."

मग हिंदी आली तेव्हा कळलं. चेतन शर्माने रदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड, तिघांच्या दांड्या ओळीने तीन बॉलांत उडवल्या होत्या. वर्ल्डकपातली पहिली हॅटट्रिक, आणि आमच्या वावरात तिची एकच विकेट नोंदवली गेली. मोठे बाबा काही बोलले नाहीत, नुसते पाहिले. वेचणाऱ्यांतली एक मावशी मात्र म्हणाली, "याच्या हाती कापसाचा काटा नका देजा जी. तीन मनाचं एक मन करन!"

पुढे कित्येक वर्षं, कापूस मोजायला काटा लागला की गावात कोणीतरी हे म्हणायचंच.

दुपारी 222 करायचे होते, आणि मुंबई हवी तर 42 ओव्हर आणि दोन बॉलच्या आत. गावसकर तापाने फणफणलेला आणि मोठ्या बाबांचा त्याच्यावर जुना राग: 1975 च्या वर्ल्डकपात पूर्ण 60 ओव्हर खेळून नाबाद 36. "आजही तसंच करते पाहा." त्या दिवशी त्याने 88 बॉलांत नाबाद 103 केले, चॅटफिल्डला लागोपाठ दोन सिक्सर आणि दोन चौके मारले. आपण 32 ओव्हर आणि एका बॉलात जिंकलो. त्याचं वनडेतलं एकुलतं एक शतक, तेही नागपुरात. शेवटी सेल पार उतरले होते. मोठे बाबा रेडिओ कानाला लावून उभे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून आम्ही स्कोर ओळखत होतो. त्या संध्याकाळी कापूस कमी भरला. त्यांनी मजुरी पूर्ण दिली. असं पुन्हा कधी झालं नाही.

गंमत म्हणजे 2011 च्या वर्ल्डकपात मी नागपूरजवळच्या जामठ्याला स्वतः स्टेडियमात होतो. सचिनचे 111 या डोळ्यांनी पाहिले, 1 बाद 267 वरून सगळे 296 मध्ये गुंडाळले तेही पाहिलं. आठवतं काय? पुढच्या माणसाची टोपी. आणि जी मॅच दिसलीच नाही, तिच्यातली चॅटफिल्डची दांडी अजून उडताना दिसते, बाभळीच्या मागे.

सेमीफायनल मुंबईलाच झाली, 5 नोव्हेंबरला. मोठ्या बाबांनी बाजारातून चार कोरे सेल आणले, पहिल्यांदाच मॅचसाठी. गावसकर चार रनांवर बोल्ड. त्यांनी रेडिओ बंद केला, कव्हराचं बटण लावलं आणि बैल सोडायला गेले. ते सेल मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरले.

रिमोट? संध्याकाळी सेल घातले. एकदा टीव्ही लागला. बंद मात्र होईना.