बोटाखालची ओळ

मावशी टॅबलेटवर वाचताना ओळीवर बोट ठेवून वाचते. अक्षर मोठं केलेलं असतं, त्यामुळे एका वेळी थोड्याच ओळी दिसतात आणि बोट उचललं की आपण कुठे होतो ते शोधायला तिला वेळ लागतो. शिलाई मशीन दुरुस्तीची एक लांबलचक हस्तपुस्तिका मी वेबवर सांभाळते. तिच्या मशीनवर खालचा दोरा वर यायला लागला होता, म्हणून मी तिला लिंक पाठवली, थेट ‘बॉबिन केसचा ताण’ या भागाची. बॉबिन म्हणजे खालच्या दोऱ्याची रिळी, केस म्हणजे तिचं घर.

दहा मिनिटांत तिचा फोन आला. "अगं, बॉबिनचं म्हणून पाठवलंस, पण इथे सुईच्या दांड्याचा स्क्रू सैल करायला सांगितलंय. करू का?"

"नको, मावशी, हात लावू नकोस!" सुईचा दांडा वर-खाली झाला की सुई आणि हुकाचा मेळ जातो. तो घरी परत जुळवणं सोपं नसतं.

लिंक बरोबर होती. ब्राउझर पान उघडून बरोबर बॉबिनच्या मथळ्याशी गेलाही होता. पण तेव्हा वरच्या आकृत्या अजून उतरायच्या होत्या, आणि ज्या चित्राचं माप माहीत नाही त्याला ब्राउझर काहीच उंची देत नाही. मग आकृत्या एकेक करत आल्या, प्रत्येकीने आपली जागा घेतली आणि खालचा मजकूर तेवढा खाली ढकलला. स्क्रोलचा आकडा, म्हणजे पान वरून किती पिक्सेल सरकलंय तो, तोच राहिला, त्या आकड्यावरचा मजकूर बदलला. मावशीला आधीचा भाग दिसायला लागला आणि तिने तोच बॉबिनचा समजून वाचला. दोष पूर्ण माझ्या पानाचा.

हिशोब करून बघितला तेव्हा मला धक्का बसला. आकृत्या ८०० बाय ६००. तिच्या टॅबलेटवर मजकुराची रुंदी ६०० पिक्सेल, म्हणजे एका आकृतीची उंची ४५०. बॉबिनच्या वर अकरा आकृत्या, म्हणजे ४९५० पिक्सेल. तिच्या पडद्यावर एका वेळी हजारेक पिक्सेल दिसतात. माझं पान तिच्या बोटाखालून जवळजवळ पाच पडदे सरकलं होतं.

घाईघाईत मी आधी जो उपाय केला तो करू नका असंच सांगेन. पान उघडल्यावर अर्ध्या सेकंदाने ‘स्क्रोलइन्टूव्ह्यू’, म्हणजे पान मथळ्यापाशी नेणारा आदेश, पुन्हा चालवायचा. माझ्या लॅपटॉपवर चाललं. फोनवर नाही चाललं, म्हणून अर्ध्याचा एक सेकंद केला, मग दोन. पण हळू नेटवर एखादी आकृती चार सेकंदांनी येते, ती या अंदाजात कधीच बसत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, दोन सेकंदांत माणूस वाचायला लागलेला असतो, दोन परिच्छेद खाली गेलेला असतो, आणि माझा कोड त्याला ओढून परत मथळ्यावर नेतो. आधी पान आपोआप सरकत होतं, आता मी हाताने सरकवत होते. वाचणाऱ्याने एकदा स्वतः स्क्रोल केलं की पान कुठे राहील हे त्याने ठरवायचं, आपल्या कोडने नाही, हे मला तेव्हा नीट कळलं. तो सगळा कोड काढून टाकला.

खरा उपाय जुना आणि साधा आहे: प्रत्येक चित्राच्या टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या त्याच्या खुणेत, ‘विड्थ’ (रुंदी) आणि ‘हाइट’ (उंची) लिहायची. माझ्यासारख्या अनेकांनी ही सवय मधल्या काळात सोडली होती आणि त्याला कारण होतं. लहान पडद्यांसाठी आपण सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या नियमांत, ‘मॅक्स-विड्थ’ (कमाल रुंदी) शंभर टक्के आणि ‘हाइट’ ऑटो लिहायला लागलो. ऑटो लिहिलं की चित्र उतरेपर्यंत टॅगमधल्या मापाचा काही उपयोग होत नसे. मग चित्राबाहेरच्या डब्याला (पानावरच्या चौकटीला) वरून रुंदीच्या ५६.२५ टक्के पॅडिंग, म्हणजे आतली मोकळी जागा, देऊन १६ बाय ९ ची जागा धरायची अशा खटपटी चालत. २०१९ च्या शेवटी क्रोम आणि फायरफॉक्सने, आणि २०२० मध्ये सफारीने, टॅगमधल्या दोन आकड्यांवरून प्रमाण काढून जागा आधीच धरायला सुरुवात केली. त्यामुळे आता ८०० आणि ६०० असं नुसतं लिहिलं, तरी चित्राचा एक बाइटही येण्याआधी ६०० रुंदीच्या पडद्यावर ४५० ची मोकळी जागा तयार असते.

हाताने लिहायला गेले असते तर चुका झाल्या असत्या. पान तयार होताना प्रत्येक चित्राची फाइल उघडून माप वाचणारी आणि टॅगमध्ये टाकणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. माप मिळालं नाही तर ती तिथेच थांबते आणि पान बाहेर जाऊ देत नाही. व्हिडिओच्या चौकटींना ‘आस्पेक्ट-रेशो’ (रुंदी-उंचीचं प्रमाण) दिला. ‘लागणारे सुटे भाग’ दाखवणारा डबा नंतर भरतो आणि त्याची उंची आधी कळत नाही. त्याला ‘मिन-हाइट’ (किमान उंची) दिली आणि भागाच्या शेवटी नेऊन ठेवला. खाली काही वाढलं तर वाचणाऱ्याला त्रास होत नाही.

चित्राच्या टॅगमध्ये ‘लोडिंग’ला ‘लेझी’ लावलेलं असेल तर मापाची गरज आणखी वाढते. अशी चित्रं पडद्याजवळ आल्याशिवाय उतरतच नाहीत. लिंकवरून मधेच पोचलेला माणूस वर जायला लागतो तेव्हा माप नसलेलं वरचं प्रत्येक चित्र त्याच क्षणी उतरतं आणि पानाला प्रत्येक वेळी हिसका बसतो.

फाँटचा त्रास मला नंतर दिसला, आणि देवनागरीत तो जास्त जाणवतो. आधी फोनमधला फाँट दिसतो, मग आपला फाँट येऊन त्याची जागा घेतो. दोघांच्या अक्षरांची रुंदी वेगळी, जोडाक्षरं एकात आडवी मांडलेली तर दुसऱ्यात एकाखाली एक. नऊ ओळींचा परिच्छेद दहा ओळींचा होतो. एका परिच्छेदात एकच ओळ, पण वर चाळीस परिच्छेद असतील तर? ‘लाइन-हाइट’ (ओळीची उंची) आकड्यात बांधून टाकली तेव्हा मात्रा-वेलांट्यांमुळे ओळींची उंची बदलणं थांबलं. फाँटची फाइल ‘प्रीलोड’ केली, म्हणजे आधीच मागवली, आणि पर्यायी फाँटचा आकार ‘साइझ-ॲडजस्ट’ने बदलून दोघांची रुंदी शक्य तितकी जवळ आणली. अगदी तंतोतंत जुळत नाही. पण बॉबिनच्या मथळ्यापर्यंतचा फरक माझ्या मोजणीत चौदा ओळींवरून दोन ओळींवर आला.

आता कोणी म्हणेल की ब्राउझर हे स्वतःच सांभाळतो ना. सांभाळतो, बऱ्याच अंशी. याला स्क्रोल अँकरिंग म्हणतात: पडद्यावरचा एखादा घटक ब्राउझर खूण म्हणून धरतो आणि वर काही वाढलं की तेवढंच स्क्रोल पुढे नेतो. क्रोममध्ये ते २०१७ पासून आहे, फायरफॉक्समध्ये २०१९ पासून, सफारीत बरीच वर्षं नव्हतं. मावशीच्या टॅबलेटवर ते चालत नव्हतं आणि माझ्या लॅपटॉपवर चालत होतं, म्हणून हा दोष माझ्या डोळ्यांसमोर कधी आलाच नाही. शिवाय त्याला मर्यादा आहेत. पान अगदी वर, शून्यावर असेल तर ते काही करत नाही. खुणेच्या घटकाच्या किंवा त्याला वेढणाऱ्या डब्यांच्या पॅडिंग, मार्जिन, पोझिशनसारख्या गोष्टी त्याच वेळी बदलल्या तर ते माघार घेतं. त्याच्यावर विसंबून माप लिहायचं टाळू नका.

आणि जिथे तुम्ही स्वतः दुरुस्ती करता तिथे ते बंद करा. वाचकांच्या जुन्या टिपा मी वरच्या बाजूला जोडत जाते. जोडण्याआधी दिसत असलेल्या पहिल्या टिपेची जागा मोजायची, जोडल्यावर परत मोजायची, फरक ‘स्क्रोलटॉप’मध्ये (स्क्रोलच्या आकड्यात) मिळवायचा, आणि हे सगळं पडद्यावर काही उमटायच्या आत. हे मी केलं तर क्रोमवर टिपा दुप्पट सरकायला लागल्या. मी एकदा सावरलं, ब्राउझरने पुन्हा सावरलं. त्या डब्याला ‘ओव्हरफ्लो-अँकर’ नन दिलं, म्हणजे अँकरिंग बंद केलं, तेव्हा थांबलं.

मागे जायच्या बटणाचं दुखणं थोडं निराळं. शोधाच्या यादीत माणूस ४२०० पिक्सेल खाली गेला, एक दुवा उघडला, परत आला. ब्राउझर त्याला ४२०० वर न्यायला जातो, पण यादी अजून यायची असते आणि पान जेमतेम ९०० उंच असतं. ‘हिस्टरी’मधलं ‘स्क्रोलरिस्टोरेशन’ मॅन्युअल केलं, म्हणजे परत आल्यावर जागा ब्राउझरने न ठरवता मी ठरवायची असं केलं, आणि जागा मी ठेवायला लागले, पण पिक्सेलमध्ये नाही. कोणती नोंद पडद्याच्या वरच्या टोकाशी होती आणि ती टोकापासून किती दूर होती, एवढं ‘सेशनस्टोरेज’मध्ये, म्हणजे ब्राउझरच्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवते. यादी भरली की ती नोंद शोधून तिथे जाते. फोन आडवा केला तरी नोंद तीच राहते, पिक्सेल बदलतात. त्याहूनही चांगलं म्हणजे ब्राउझरला अख्खं पान जसंच्या तसं स्मृतीत ठेवू देणं. माझ्या पानावर ते होत नव्हतं, कारण भेटी मोजणाऱ्या एका जुन्या स्क्रिप्टने ‘अनलोड’वर, म्हणजे पान बंद होतानाच्या इशाऱ्यावर, कान लावून ठेवला होता, आणि तसं असलं की ब्राउझर पान सहसा स्मृतीत ठेवत नाही. ते काम ‘पेजहाइड’ (पान नजरेआड होतानाचा इशारा) वर हलवलं तेव्हा बहुतेक वेळा वरच्या कोडची गरजच पडेनाशी झाली.

मला सगळ्यात जास्त विचारात टाकलं ते मोजमापाने. लेआउट शिफ्टचा, म्हणजे पानावरच्या गोष्टी आपोआप सरकण्याचा, एकत्रित आकडा ०.१ पर्यंत असेल तर चांगला, ०.२५ च्या वर गेला तर वाईट, असं गूगलचं माप आहे. माझ्या पानाचा आकडा आधीपासून ०.०२ होता! चाचणीतला ‘चांगला’चा हिरवा रंग बघून मी निश्चिंत होते. पण मी चाचणी चालवत होते ती पान वरून उघडून. खाली, पडद्याबाहेर जे सरकतं ते त्यात मोजलं जात नाही, आणि माझ्या पानाच्या वरच्या टोकाला चित्रच नव्हतं. हस्तपुस्तिका वाचणारा माणूस वरून सुरुवात करत नाही, तो लिंक धरून मधेच उतरतो. म्हणून आता ‘परफॉर्मन्सऑब्झर्व्हर’ हे ब्राउझरमधलं मोजणीचं साधन लावून प्रत्येक भागाच्या लिंकवरून, नेट मुद्दाम मंद करून मोजते. कोणता घटक कुठून कुठे सरकला हेही त्यात कळतं. पहिल्याच फेरीत एक सूचनापट्टी सापडली. ती नंतर येऊन सगळ्या पानाला छप्पन पिक्सेल खाली ढकलत होती. ती आता सर्व्हरवरूनच पानाबरोबर येते. वर चिकटलेल्या पट्टीखाली मथळे लपत होते, त्यांना ‘स्क्रोल-मार्जिन-टॉप’ दिलं, म्हणजे लिंकवरून पोचताना मथळ्याच्या वर थोडी जागा सोडली.

परवा मावशीला तीच लिंक पुन्हा पाठवली आणि फोनवर थांबले. "बॉबिन केसचा ताण," तिने मथळा वाचला. मग आकृती यायची वाट बघितली. रिकाम्या चौकटीत आकृती उमटली, आणि तिने न थांबता पुढची ओळ वाचली. तिने छोटा स्क्रू पाव फेरा फिरवला, चिंधीवर चार बोटं शिवून बघितलं, आणखी थोडा फिरवला. दोरा बसला.

टॅबलेट आडवा केला की तिच्याकडे मजकूर अजून दोन-तीन ओळी सरकतो. तिथेही पिक्सेलऐवजी परिच्छेद धरून ठेवायचा विचार आहे. या आठवड्यात तेच करते आहे.