उताणा पडलेला भुंगेरा

तपकिरी, लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. एवढ्या वर्णनावर भुंगेरा ओळखायला निघालं तर जंगलातले निम्मे भुंगेरे तेच निघतील. क्लिक बीटलची, म्हणजे उताणा पडला की ‘टक्’ आवाज करत हवेत उडणाऱ्या भुंगेऱ्याची, एक खूण वरूनही दिसते: डोक्यामागच्या ढालीचे मागचे दोन्ही कोपरे काट्यासारखे टोकदार असतात. पण खरी ओळख पोटाकडून. म्हणून वरून काढलेल्या फोटोवर छातीठोकपणे नाव सांगणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

त्याला हलकेच उताणा करावा. आधी तो पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करतो. थोडं थांबावं लागतं. छातीच्या पुढच्या भागातून मागे आलेली एक खुंटी असते आणि मागच्या भागात तिच्या मापाची खाच. भुंगेरा पाठीची कमान करतो, खुंटी खाचेच्या काठाला अडकते, स्नायू आवळत जातात आणि तरीही बाहेरून काहीच घडत नाही. मग खुंटी निसटते. टक्! स्वारी हवेत. यात पायांचा काडीचाही संबंध नाही. युरोपातल्या झाडीत सर्रास आढळणाऱ्या अ‍ॅथस हीमोरॉयडॅलिस या जातीवर इव्हान्स या ब्रिटिश अभ्यासकाने १९७०च्या दशकात मोजमापं केली: वजन जेमतेम ४० मिलिग्रॅम, उडी ३० सेंटिमीटरपर्यंत आणि त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ३८० पट. एवढा खटाटोप करून खाली येताना पाय जमिनीला लागतील याची मात्र खात्री नाही. पाठीवरच आपटला तर पुन्हा कमान, पुन्हा टक्. पक्ष्याच्या चोचीत सापडल्यावरही हाच झटका कामी येत असावा.

या उडीचं कौतुक होतं, पण ती त्याच्या आयुष्याचा अगदी छोटा भाग. प्रौढ भुंगेरा काही आठवडे फुलांपानांवर दिसतो, त्याआधीची कित्येक वर्षं अळीची असतात. अळी पिवळसर, चकचकीत, तारेसारखी कडक. शेतातल्या काही जाती पिकांची मुळं कुरतडतात, त्यामुळे सगळं कूळच बदनाम झालंय. जंगलातल्या कित्येक जाती मात्र कुजक्या लाकडात राहतात आणि तिथल्या इतर किड्यांच्या अळ्या फस्त करतात. अमेरिकेतला डोळेवाला क्लिक बीटल (त्याच्या ढालीवर दोन मोठे खोटे डोळे असतात) लहानपणी असाच पक्का शिकारी.

आणि काहींचे नखरे तर विचारू नका. जांभळा क्लिक बीटल ब्रिटनमध्ये पहिल्यांदा सापडला १९३७ साली, विंडसर ग्रेट पार्कमध्ये. त्याला बीच किंवा अ‍ॅशच्या म्हाताऱ्या झाडाचा बुंधाच हवा, तोही मुळाशी पोकळ आणि आत ओलसर काळा भुगा साचलेला. आता त्याला कायद्याचं संरक्षण आहे. त्यामुळे एरवी धोकादायक म्हणून कुणीही करवत लावली असती, अशा पोकळ बुंध्यांना हात लावण्याआधी तिथे आता परवानगीचा विचार करावा लागतो.