खांद्याचा फाटलेला टेंडन आणि ग्राफ्टचा आधार

रोटेटर कफ म्हणजे खांद्याभोवतीचे चार स्नायू आणि त्यांचे टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट पट्टे), त्यातला वरचा सुप्रास्पायनेटस सगळ्यात जास्त फाटतो. ऑपरेशनमध्ये तो अँकर (हाडात बसवायचे छोटे खिळे) लावून हाडाला परत शिवतात, पण खरी अडचण त्यानंतरच सुरू होते, कारण टेंडन आणि हाडाचा मूळ जोड पुन्हा तसाच तयार होत नाही, मध्ये व्रणाची ऊती भरते आणि ती कमजोर असते, त्यात फाट जुनी असेल, स्नायूत चरबी भरली असेल तर टाके धरतील कसे?

म्हणून ग्राफ्ट, म्हणजे शिवणीला बळ द्यायला लावलेला ऊतीचा पॅच. विरलेल्या कापडाला मागून अस्तर लावतात ना, तसंच. मला सगळ्यात पटतो तो बायसेप्सच्या लांब टेंडनचा वापर, तो तिथेच खांद्यात असतो, बऱ्याचदा तोही खराब झाल्यामुळे तसाही कापावा लागतो, मग टाकून देण्यापेक्षा त्याचाच पॅच करायचा, पेशी स्वतःच्याच, दुसरीकडे चिरा द्यायला नको. दात्याच्या त्वचेचे पॅचही वापरतात. डुकराच्या आतड्यापासून केलेले मात्र काहींना सूज आणून गेले, म्हणून कुठलाही पॅच चालतो असं अजिबात नाही!

आणि प्लीज, ग्राफ्ट लावला तरी स्लिंग (हात गळ्यात अडकवायची झोळी) आणि फिजिओथेरपी सुटत नाही, छोट्या ताज्या फाटीला तर बहुतेक वेळा ग्राफ्टची गरजही नसते, सर्जनला नीट विचारा.