वाळूच्या आतले पाणी: शिंपल्यांच्या पिल्लांची नोंद, टब 'अ' आणि 'ब'

मागील नोंदीत ज्या पिल्लांविषयी उत्साहाने लिहिले होते, त्यांपैकी टब 'ब' मधील एकही आता जिवंत नाही. टब 'अ' मधील निम्म्याहून अधिक मात्र अद्याप पाय बाहेर काढून सरकताना दिसतात. दोन्ही टबांत पाणी एकच, एअर पंप एकच, अन्न म्हणून दिलेले हिरवे (शेवाळाचे) पाणी एकाच बाटलीतले आणि पिल्लेही लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस या गोड्या पाण्यातील शिंपल्याच्या एकाच मादीची आहेत. फरक एवढाच की 'अ' मध्ये चाळून धुतलेली वाळू होती, तर 'ब' मध्ये निफाडच्या बाजूला, नांदूर मध्यमेश्वर अभयारण्याच्या हद्दीबाहेर, उसाच्या शेतातला चर गोदावरीला मिळतो तेथील गाळ होता. नदीत पिल्ले का दिसत नाहीत, हे पाहण्यासाठीच ही मांडणी केली होती. उत्तर इतक्या लवकर आणि इतक्या निर्विवादपणे येईल, असे वाटले नव्हते.

जे जमले ते आधी थोडक्यात सांगतो. कल्ले फुगलेल्या मादीने टबात सोडलेल्या ग्लोकिडियांपैकी (म्हणजे माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढणाऱ्या शिंपल्याच्या सूक्ष्म अळ्यांपैकी) थोडे काचपट्टीवर घेऊन मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला, तेव्हा बहुतेकांनी झडपा फटकन मिटल्या. म्हणजे ते जिवंत होते. या वेळी मासे नवे घेतले, कारण पूर्वी एकदा ग्लोकिडिया वागवलेल्या माशांच्या अंगी प्रतिकारशक्ती येते आणि ते पुढच्या खेपेला अळ्या लवकर झाडून टाकतात. नव्या माशांच्या कल्ल्यांवर त्या टिकल्या, तेथेच त्यांचे रूपांतर झाले आणि पिल्ले तळाशी गळू लागली. ती शोधण्यासाठी मोडक्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यातील पोलरायझर फिल्मचे दोन तुकडे आडवे-उभे धरून बशीखाली प्रकाश सोडला. काळ्या पार्श्वभूमीवर मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढे कवच एकेक करून चकाकू लागले, त्या रात्री झोपेचा विचारही मनात आला नाही. महागडा सूक्ष्मदर्शक नसलेल्या प्रत्येकाने हा उपाय करून पाहावा. चाळणीसाठी मत्स्यपेटीच्या दुकानातील जाळी घेऊ नये. स्क्रीन प्रिंटिंगचे साहित्य विकणाऱ्यांकडे तीच जाळी नेमक्या मापात आणि बऱ्याच कमी दरात मिळते.

आता 'ब' कडे वळतो. पिल्ले मरू लागली तेव्हा टबातील पाणी तपासले. थेंबांच्या किटमध्ये अमोनियाचा रंग स्वच्छ पिवळा, म्हणजे शून्य आला. (कागदी पट्ट्यांविषयीचे माझे मत बदललेले नाही: त्या फेकून द्याव्यात.) नायट्राइट नव्हते, प्राणवायू पुरेसा होता आणि सामू (पीएच) आपल्या बसाल्टी प्रदेशातील पाण्याला साजेसा 8 च्या वर होता. सगळे आकडे ठीक असताना पिल्ले मरत होती आणि दोन्ही टबांची नोंदवही शेजारी ठेवूनही कारण सापडत नव्हते. अन्न कमी पडते म्हणावे, तर 'अ' ला तेच अन्न मिळत होते. बुरशी म्हणावी, तर कवचांवर तिची खूण नव्हती. तापमानाचा संशय घेऊन दोन्ही टब गच्चीवरून घरात आणले, तरी 'ब' मधील मृत्यू थांबले नाहीत.

गुंता सुटला तो पिल्ले राहतात कुठे, हे लक्षात घेतल्यावर. मोठा शिंपला गाळात अर्धा रुतून वरचे पाणी ओढतो आणि दिवसाला कित्येक लिटर गाळतो. पिल्लाचे तसे नसते. सुरुवातीच्या काळात ते वाळूच्या कणांमधील पोकळीत पूर्ण गाडलेले असते आणि पायाने अन्नकण गोळा करून खाते. त्याचे जग म्हणजे कणांमधले पाणी, आणि ते मी एकदाही तपासले नव्हते. सलाइनच्या नळीच्या तुकड्याला टोकाशी जाळी बांधून तो गाळात रोवला आणि मोठ्या सिरिंजने अगदी सावकाश पाणी ओढले. 'अ' मधील नमुना फिकट पिवळा राहिला. 'ब' मधील नमुना पाहता पाहता गर्द हिरवा झाला. वरच्या पाण्यात शून्य आणि दोन बोटे खाली रंगपट्टीच्या शेवटच्या चौकोनाजवळ, असा हा प्रकार होता.

यामागचे रसायन सरळ आहे. युरिया जमिनीत काही दिवसांतच अमोनियमात बदलतो, अमोनियम चिकणमातीच्या कणांना धरून राहते, आणि काळी जमीन काठापर्यंत नांगरलेली असली की पहिल्या जोरदार पावसात हे कण चरातून नदीत उतरतात. शेणखत, पाचट आणि मळीही तळाशी कुजत राहतात. बारीक कणांनी पोकळ्या बुजल्या की वरचा प्राणवायू आत पोचत नाही आणि अमोनियाचे नायट्रेटात रूपांतर करणारे जीवाणू तेथे काम करू शकत नाहीत. त्यात सामूची भर पडते: 25 अंशांना सामू 7 असेल तर एकूण अमोनियापैकी अर्धा टक्का विषारी रूपात असतो, 8 ला सुमारे 5 टक्के, तर 8.5 ला सुमारे 15 टक्के. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2013 मध्ये गोड्या पाण्यातील अमोनियाची मर्यादा कडक केली, ती प्रामुख्याने शिंपल्यांच्या संवेदनशीलतेमुळे. सामू 7 आणि 20 अंशांना दीर्घकालीन मर्यादा लिटरमागे 1.9 मिलिग्रॅम ठरली. सामू आणि तापमान वाढले की ती आणखी खाली येते. 'ब' च्या गाळातील पाणी तिच्या कितीतरी वर होते.

यामुळे नदीतील एक जुने कोडेही उलगडू लागते. कादवा आणि दारणेच्या खालच्या अंगाला आपल्यापैकी अनेकांना मोठे शिंपले सापडतात आणि 'अजून आहेत' असे समाधान मिळते. परंतु मोठा शिंपला वर्षानुवर्षे जगतो. पिल्ले येणे बंद झाले तरी पात्र बराच काळ भरलेले दिसते. नांदूर मध्यमेश्वरला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळाल्याचे 2020 मध्ये जाहीर झाले, तो महाराष्ट्रातील पहिला, आणि तेथील पक्ष्यांच्या याद्या दर हिवाळ्यात उत्साहाने बनतात; बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळात कोण जन्मते आणि कोण नाही, याकडे मात्र दुर्बीण वळत नाही.

येथपर्यंत लिहून झाल्यावर एक शंका डोके वर काढते. 'अ' मध्येही पिल्ले हळूहळू कमी होत आहेत आणि तेथे अमोनिया नाही. माझा संशय तांब्यावर आहे, कारण दोन्ही टबांचे पाणी द्राक्षबागेतील विहिरीचे आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीरोगाच्या भीतीने मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण बागेवर पुन्हा पुन्हा फवारले जाते. तांबे कुजत नाही. ते मातीत साचते आणि मातीबरोबर वाहते. शिंपल्यांच्या पिल्लांना ते लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या पातळीवर बाधते, जेथे मत्स्यपेटीचे किट काहीच दाखवत नाही. ज्यांची बाग आहे त्या स्नेह्यांनी माती परीक्षणाचा अहवाल दाखवला. त्यात तांब्याच्या रकान्यापुढे 'पुरेसे' असा शेरा होता, कारण ती मोजणी पिकाला तांबे कमी पडते का, एवढेच विचारते. माझा प्रश्न उलट्या बाजूचा आहे. त्यामुळे विहिरीचा नमुना आता प्रयोगशाळेत पाठवायचा आहे आणि तोपर्यंत 'अ' मधील पाणी निम्मे निम्मे करून साठवलेल्या पावसाच्या पाण्याने बदलायचे आहे. चुनखडीचा चुरा मात्र त्यात घालावा लागेल, नाही तर कवचाला कॅल्शियम मिळणार नाही.

ही पिल्ले पावसाळ्यानंतर नदीत सोडण्याचा बेत मी मागे लिहिला होता. तो स्थगित करतो. त्याऐवजी सिरिंज आणि नळीच नदीवर न्यावी, असे हे लिहिता लिहिता सुचले: गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला, शहराच्या खाली आणि चराच्या तोंडाशी वाळूतील पाणी ओढून एकाच किटने रंग पाहायचा. एक टब वाचवण्यापेक्षा यातून अधिक कळेल. सोबत कॉर्बिक्युला हा दुसरा लहान शिंपलाही मोजावा, असे वाटते. त्याला माशाची गरज नसते, तो पिल्ले स्वतःच वाढवून सोडतो. ज्या जागी कॉर्बिक्युलाची बारीक पिल्ले मिळतील पण लॅमेलिडेन्स व पॅरेसिया (माशांवरच अवलंबून असलेला त्याचा नातलग शिंपला) यांची मिळणार नाहीत, तेथे दोष तळाऐवजी माशांच्या अभावाचा असण्याची शक्यता वाढेल. दोन्ही नसतील तर गाळाकडे बोट जाईल.

'अ' मधील उरलेली पिल्ले आता वाळूतून काढून बार्नहार्ट यांच्या 2006 च्या बादली पद्धतीत हलवतो, म्हणजे जाळीच्या तळातून पाणी सतत फिरते राहील. त्यासाठी दोन बादल्या, एक छोटा पंप आणि आधीचीच जाळी पुरते. आपल्यापैकी ज्यांनी दारणेच्या वरच्या अंगाला शिंपले पाहिले आहेत, त्यांनी सर्वांत लहान जिवंत शिंपल्याची लांबी मिलिमीटरमध्ये, जागा आणि महिना यांसह कळवावी. रिकामी कवचे मोजू नयेत. पॅरेसियाचे पिल्लू असल्यास कवचाच्या शिखराजवळच्या (बिजागरीलगतच्या उंचवट्यावरील) नागमोडी सुरकुत्यांचे छायाचित्र जोडावे, म्हणजे कॉर्बिक्युलाशी गल्लत होणार नाही.