किती फुटी बोट घ्यावी? हिशेब परतीच्या वाटेपासून

बोट घ्यायची ठरली की पहिला प्रश्न हमखास ‘किती फुटी घेऊ?’ हाच असतो. सोळा, अठरा, बावीस असे आकडे निघतात आणि बोलणं लगेच किमतीवर जातं. किनाऱ्यालगतच्या मासेमारीसाठी हा आकडा खरं तर सगळ्यात शेवटी ठरवायचा. त्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून काढा: किनाऱ्यापासून जास्तीत जास्त किती सागरी मैल जाणार, सोबत किती माणसं असणार, परतताना बोटीत एकूण किती वजन असणार, आणि बोट कुठून पाण्यात उतरवून कुठे ठेवणार. ही चार उत्तरं हातात आली की लांबी बहुतेक ठरलेलीच असते. वाद उरतो तो फूट-दोन फुटांचा.

परतीच्या वजनावर मुद्दाम भर देतोय. पहाटे निघताना समुद्र बहुधा शांत असतो. ऊन चढलं की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, समुद्राकडून वारा सुटतो आणि दुपारपर्यंत जोर धरतो. नेमक्या त्या वेळी बोटीत मासे आलेले असतात, जाळी भिजून जड झालेली असतात आणि माणसं थकलेली असतात. बोट निवडायची ती त्या शेवटच्या तासासाठी.

वजन मांडून बघा

एक उदाहरण घेऊ. ५.५ मीटरची, म्हणजे साधारण १८ फुटी उघडी बोट. तीन माणसं, प्रत्येकी ८० किलो धरून २४०. पेट्रोल ६० लिटर. एक लिटर साधारण ७४० ग्रॅम भरतं, म्हणजे ४५ किलो. बर्फ ८० आणि मासे ८०. उष्ण हवेत माशांच्या वजनाइतका बर्फ धरलाच पाहिजे. भिजलेली जाळी १००, नांगर-साखळी-दोर २५, बॅटरी २५, पिण्याचं पाणी, लाइफ जॅकेट, हत्यारं, खोका मिळून ४०. बेरीज ६३५ किलो. इंजिन यात धरलेलंच नाही.

एवढ्या वजनाने बोट किती खाली बसेल, हे घरी बसून काढता येतं. पाण्याच्या रेषेवरची लांबी गुणिले तिथली रुंदी गुणिले ०.७५, हे झालं बोटीने पाण्यावर व्यापलेलं क्षेत्र, चौरस मीटरमध्ये. त्याला १०.२५ ने गुणलं की बोट एक सेंटिमीटर खाली जायला किती किलो लागतात ते कळतं. आपल्या बोटीची पाण्यावरची लांबी ५ मीटर आणि रुंदी १.९ मीटर धरली, तर उत्तर येतं साधारण ७३ किलो. म्हणजे ६३५ किलोंनी ती जवळजवळ ९ सेंटिमीटर बसणार. तेच वजन ७.५ मीटरच्या बोटीत टाकलं (पाण्यावर ६.८ बाय २.२ मीटर), तर ती साडेपाच सेंटिमीटरच बसते.

नऊ सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण वजन कधीच सारखं पसरलेलं नसतं. इंजिन मागे, टाकी मागे, बॅटरी मागे, आणि मासे आले की सगळी माणसंही मागेच. मग सरासरी नऊ असले तरी मागचा काठ पंधरा-वीस सेंटिमीटरही खाली जातो. पाण्यापासून काठापर्यंतच्या उंचीला फ्रीबोर्ड म्हणतात. तो मोजायचा तर मागच्या कोपऱ्यात आणि भरलेल्या बोटीत मोजायचा. विक्रेता दाखवतो तो नाळेजवळचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा, आणि रिकाम्या बोटीचा. आउटबोर्डसाठी (बोटीच्या मागे बाहेरून टांगायच्या इंजिनासाठी) ट्रान्सममध्ये, म्हणजे बोटीच्या मागच्या आडव्या फळीत, खाच असेल आणि तिच्या पुढे पाणी अडवणारी आडवी भिंत नसेल, तर खरा फ्रीबोर्ड त्या खाचेच्या तळापर्यंतचाच. मागून आलेली लाट तिथूनच आत येते.

ज्या बोटींचं डेक पाण्याच्या रेषेच्या वर असतं आणि आलेलं पाणी भोकांतून आपोआप बाहेर जातं, त्यांतही हीच मेख आहे. रिकाम्या बोटीत ती भोकं पाण्याच्या पाच-सहा सेंटिमीटर वर असतील, तर नऊ सेंटिमीटर बसल्यावर पाणी बाहेर जायच्या जागी आत येईल. तपासणं सोपं आहे. बंदरात बोट बांधलेली असताना तीन माणसं मागच्या कोपऱ्यात उभी करा आणि पायाखाली बघा. पाय भिजले तर त्या बोटीला तुमचं वजन पेलत नाही.

आणि पाणी आत आलंच तर? ६ चौरस मीटरच्या डेकवर फक्त ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे ३०० लिटर, समुद्राचं असल्यामुळे ३०० किलोंहून थोडं जास्तच. हे वजन एका जागी राहत नाही. बोट ज्या बाजूला कलेल तिकडे धावतं आणि तिला आणखी कलवतं. लहान बोटी उलटतात त्या बऱ्याचदा अशा. एका मोठ्या लाटेची गरजच पडत नाही.

लाट: उंचीपेक्षा अंतर बघा

हवामानाच्या अंदाजात लाटांची जी उंची देतात, ती सगळ्यात उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. अंदाज १ मीटरचा असेल तर दिवसभरात जवळजवळ दुप्पट उंचीची एखादी लाट भेटणारच, असं धरून चालावं.

पण बोटीच्या लांबीशी खरा संबंध दोन लाटांमधल्या अंतराचा. खोल पाण्यात हे अंतर मीटरमध्ये काढायचं तर दोन लाटांमधल्या सेकंदांचा वर्ग करून १.५६ ने गुणायचं. आठ सेकंदांची लाट १०० मीटर लांब. पाच मीटरची होडीही तिच्यावर पाळण्यासारखी वर-खाली होते, त्रास काही नाही. तीन सेकंदांची लाट फक्त १४ मीटर. वाऱ्याने किनाऱ्याजवळ उठवलेल्या अशा आखूड, उभ्या लाटांत पाच मीटरची बोट प्रत्येक लाटेच्या मागच्या खळग्यात नाळ आपटते. सात मीटरची बोट थोडी कापत, थोडी पुलासारखी टेकत जाते. म्हणून अंदाज वाचताना उंचीच्या शेजारचा सेकंदांचा आकडाही बघा. एक मीटर उंची आणि आठ सेकंद हा बरा दिवस, एक मीटर आणि तीन-चार सेकंद हा घरी थांबायचा दिवस.

फुटणाऱ्या लाटेचं गणित वेगळं. बाजूने आदळणारी फुटती लाट बोटीच्या लांबीच्या ३० टक्के उंचीची असली तरी बोट उलटू शकते. पाच मीटरच्या बोटीला हा धोका दीड मीटरच्या लाटेपासून सुरू होतो, सात मीटरच्या बोटीला दोन मीटरच्या थोडं वर. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे १.३ पट उरली की लाट फुटते. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उथळ पट्टा असेल, ओहोटीचा प्रवाह बाहेर येत असेल आणि वारा समोरून असेल, तर समुद्रात सौम्य असलेली लाटही तिथे उभी राहून कोसळते. तुमची येण्याजाण्याची वाट अशा तोंडातून असेल, तर बोटीचा आकार बाहेरच्या समुद्रावरून न ठरवता त्या पट्ट्यावरून ठरवा. आणि भरतीची वेळ पाळा. मोठी बोट घेतली म्हणून ओहोटीत तिथून जाता येईल असं नव्हे.

युरोपात विकल्या जाणाऱ्या बोटींवर ए, बी, सी, डी अशी श्रेणी लिहिलेली असते. डी म्हणजे ब्यूफोर्ट (वाऱ्याचा जोर मोजायची श्रेणी) ४ पर्यंतचा वारा आणि ०.३ मीटरच्या लाटा, एखाद-दुसरी अर्ध्या मीटरची. सी म्हणजे ब्यूफोर्ट ६ आणि २ मीटर, बी म्हणजे ८ आणि ४ मीटर. उघड्या किनाऱ्यावर डी श्रेणीची बोट घेऊ नये, मग ती कितीही फुटी असो. शिवाय या मर्यादा बोट तरण्याच्या आहेत. त्या हवेत उभं राहून जाळं ओढता येईल, असा त्यांचा अर्थ नाही.

रुंदी आणि तळ

लांबीच्या चर्चेत रुंदी हरवते, आणि मासेमारीच्या बोटीसाठी मला ती लांबीइतकीच महत्त्वाची वाटते. बोट कलायला किती विरोध करते हे ढोबळपणे रुंदीच्या घनावर अवलंबून असतं. रुंदी १० टक्के वाढली तर हा विरोध सुमारे ३३ टक्के वाढतो. जाळं बाजूने ओढताना दोन माणसं आणि भिजलेलं जाळं एकाच काठावर येतात. तिथे १८ फुटी रुंद बोट २० फुटी अरुंद बोटीपेक्षा भरवशाची. घ्यायच्या आधी दोघांनी एकाच काठावर वाकून उभं राहून पाहावं. काठ झरकन खाली जाऊन मग थांबत असेल तर चालेल. सावकाश जात राहून थांबतच नसेल तर ती बोट नको.

काठाची आतल्या बाजूची उंचीही मोजा. तो मांडीच्या मध्यापर्यंत येत असेल तर टेकून काम करता येतं. गुडघ्याच्या खाली असेल तर तोच काठ माणसाला पाण्यात पाडतो.

तळाचा व्ही आकार मागच्या बाजूला किती अंशांचा आहे, हे विचारून घ्या. २० अंश किंवा त्याहून खोल व्ही समोरच्या लाटेत मऊ चालतो, पण थांबलेल्या बोटीत डुलतो आणि जास्त ताकदीचं इंजिन मागतो. १२ अंशांच्या आसपासचा तळ थांबल्यावर स्थिर आणि इंधनाला हलका, मात्र लाटेत आपटतो. बोट वाहती सोडून गळाने मासेमारी करणाऱ्याचा निम्मा दिवस थांबलेल्या बोटीत जातो. त्याला १५ ते १८ अंश सोयीचे.

इंजिन आणि इंधन

जड, पाणी कापत चालणाऱ्या बोटीच्या वेगाला मर्यादा असते: पाण्यावरच्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये, म्हणजे तासाला सागरी मैलांत. १६ फुटांना ५.४ नॉट, २५ फुटांना ६.७. त्यापुढे कितीही इंजिन लावलं तरी बोट मागे बसते आणि पेट्रोल जळतं. पाण्यावर उचलून धावणारी बोट हवी असेल, तर भरलेल्या एकूण वजनाच्या दर २० ते २५ किलोंमागे एक अश्वशक्ती धरा. आपली १८ फुटी बोट इंजिनासकट ६०० किलोंची असली तर भरून १२३५ किलो. म्हणजे ५० ते ६० अश्वशक्ती. ४० च्या इंजिनावर ती सकाळी उचलेल, दुपारी उचलणार नाही.

फोर-स्ट्रोक आउटबोर्ड पूर्ण वेगात एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण ०.३८ लिटर पितो. ६० चं इंजिन म्हणजे जवळजवळ २३ लिटर, मध्यम वेगात त्याच्या निम्मं ते साठ टक्के. एक भाग जायला, एक यायला, एक राखीव, असे तीन भाग करून टाकी मोजा. ती बसत नसेल आणि सुटे कॅन डेकवर ठेवावे लागत असतील, तर बोट त्या अंतरासाठी लहान आहे.

मग किती फुटी?

४ ते ५ मीटर (१३ ते १६ फूट) ही खाडीची, आडोशाच्या पाण्याची, एका-दोघांची बोट. वाळूवरून ढकलता येते, हाच तिचा मोठा गुण. ५.५ ते ६.५ मीटर (१८ ते २१ फूट) मध्ये दोन-तीन माणसं चांगल्या हवेत पाच ते दहा सागरी मैल जाऊन येऊ शकतात. किनाऱ्यालगतच्या बहुतेकांचं काम इथे भागतं. चार माणसं, जड जाळी किंवा दहा मैलांपुढची मजल असेल तर ७ ते ८.५ मीटर.

वरच्या टोकाला मात्र आवर घाला. बोट सहा मीटरवरून आठवर गेली की लांबी तेहेतीस टक्के वाढते, वजन दुपटीच्या पुढे जातं. आडव्या वाऱ्यात एकट्याने धक्क्याला लावता येत नाही, नांगर हाताने ओढताना पाठ जाते, चढावरून ओढायला जड गाडी लागते, ओहोटीला उथळ धक्का बंद होतो. जोडीदार रोज मिळणार नसेल तर एकट्याला हाताळता येईल त्याहून मोठी बोट किनाऱ्यावरच पडून राहते.

नांगराची जागाही मोजून घ्या. १० मीटर खोल पाण्यात, नाळेची उंची १ मीटर धरून, सातपट म्हणजे ७७ मीटर दोर लागतो, शिवाय पुढे किमान बोटीच्या लांबीइतकी साखळी. हे सगळं नाळेतल्या कप्प्यात मावलं पाहिजे.

चाचणीला जाताना रिकामी बोट फिरवू नका. पाण्याचे कॅन भरून वजन पूर्ण करा, दुपारच्या वाऱ्यात न्या, आणि पूर्ण वेगात इंजिनाचे फेरे बघा. इंजिनाची मर्यादा ५००० ते ६००० असेल आणि भरलेली बोट ४६०० वर अडकत असेल, तर पंखा जास्त पिचचा (पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात जितकं पुढे सरकायला हवा ते अंतर) आहे किंवा बोट इंजिनाला जड आहे. पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. दोन-तीन इंच कमी करूनही फेरे येत नसतील तर इंजिन लहान.

जुनी बोट घेत असाल तर ती ट्रेलरसकट वजनकाट्यावर न्या आणि ट्रेलरचं वजन वजा करा. तळात भरलेला फोम वर्षानुवर्षं पाणी शोषतो आणि वरून काही दिसत नाही. मूळ वजनापेक्षा शंभर-दीडशे किलो जास्त भरले, तर त्या बोटीत दोन माणसं आधीच बसलेली आहेत असं धरून वरचा सगळा हिशेब पुन्हा मांडा.